तो हिशोब होता, हे गणित आहे

खाडीपल्याड

गेल्या रविवारची गोष्ट. लेकीला घेऊन दापोलीच्या मासळीबाजारात गेले होते. वय ७, दुसरी नुकतीच संपली. बांगड्यांचा वाटा १२० ला ठरला, वर ४५ ची सुकट घेतली. मी २०० दिले. मावशी पिशवी शोधत होत्या तेवढ्यात ही म्हणाली, "पस्तीस परत द्यायचे." मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे. कसं काढलंस विचारलं, तर म्हणे, "पाच दिले की एकशेसत्तर, मग तीस."

मी हवेत. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे सासरी येऊन राहिलो, तेव्हापासून घरात हेच चाललंय. पोळ्या मोजा, कोकमाची सरबतं किती जणांना पुरतील ते सांगा, घावनाच्या पिठाला किती वाट्या पाणी ते लक्षात ठेवा. म्हटलं, कष्ट फळले.

संध्याकाळी वही उघडली. सुट्टीच्या अभ्यासातल्या वजाबाक्या संपल्यावर मीच मुद्दाम खाली लिहिलं: २०० − १६५. हिचं उत्तर, १६५.

कसं? "शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य, पाच. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहा. दोनातून एक गेला, एक."

म्हटलं, सकाळी मावशींनी तुला १६५ परत दिले असते तर? ती हसतच सुटली. "मग मासे पस्तीसलाच पडले असते!" म्हणजे हेही तोंडी बरोबर. मी वहीकडे बोट दाखवलं, मग हे काय? तर अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "आई, तो हिशोब होता. हे गणित आहे."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. रोजच्या व्यवहारातून गणित शिकवा, असं जो तो सांगतो. मी शिकवलं. ते व्यवहारातच राहिलं, वहीत आलंच नाही. तुमच्याकडे काय अनुभव? ॲपची नावं नकोत, ती फोनवर न मागता येतात.

---

दोन_डझन

१६५ चे मासे ३५ ला देणाऱ्या मावशींचा गाळा कुठला तेवढं सांगा. बाकी गणिताचं नंतर बघू.

---

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, गुहागर तालुक्यात. ही चूक माझ्या वर्गात दर वर्षी येते आणि ती निष्काळजीपणाची नसते. पहिलीत आम्हीच बजावतो, "मोठ्यातून लहान वजा करायचं." मूल ते इमानदारीने पाळतं. उभी मांडणी आली की त्याला २०० दिसतच नाहीत, दोन, शून्य, शून्य असे तीन वेगळे आकडे दिसतात. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं, झालं. तुमच्या लेकीने नियम मोडलेला नाही, नको तितका पाळलाय.

बाजारात तिने वजाबाकी केलीच नव्हती. १६५ पासून २०० पर्यंत चालत गेली, वाटेत १७० ला थांबली. हे उत्तम आहे, ते मोडू नका. फक्त उभी मांडणी म्हणजे काय हे तिला हाताने करू द्या.

असं करा. एक रुपयाची नाणी, दहाच्या नोटा, शंभरच्या नोटा. खऱ्या चालतील, नाहीतर कागदाच्या कापा. तुम्ही बँक. तिच्याकडे फक्त शंभरच्या दोन. आता म्हणा, मला १६५ दे, नेमके. तिच्याकडे सुटे नाहीत, ती बँकेत येईल. एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा घेईल. आता पाच रुपये द्यायचेत, अजूनही सुटे नाहीत. दहातली एक नोट मोडून दहा नाणी घेईल. आता तिच्यापुढे काय आहे? शंभरची १, दहाच्या ९, नाणी १०. आपण वहीत शून्यावर जो बारीकसा ९ लिहितो ना, तो हा. मोठ्या माणसांनाही विचारून बघा हा नऊ कुठून आला. निम्मे जण "असंच करतात" म्हणतील.

घाई एकच करू नका, वही पहिल्या दिवशी आणू नका. आमच्या वर्गात नोटांऐवजी हीर असतात. जुन्या खराट्याचे हीर सारखे तोडायचे, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधायच्या. जुडी सोडताना रबर तट्‌कन उडतं, पोरांना तेच आवडतं. पण सोडलेली जुडी म्हणजे दहा सुटे, हे विसरत नाहीत मग.

---

घड्याळ_बंद

जरा उलटा सूर लावतो. आमच्याकडे हाच प्रयोग अति झाला. भाजी घेताना किती झाले, पायऱ्या चढताना किती झाल्या, जेवताना भाकरीचा चतकोर म्हणजे किती. मुलगा ८ वर्षांचा आहे. परवा म्हणाला, "बाबा, मी बाजारात येत नाही, तुम्ही परीक्षा घेता." बायको आतून मोठ्याने हसली.

आपण लहानपणी समुद्रावर शिंपले गोळा करायचो तेव्हा आई "आता यांचे दहाचे गट कर" म्हणाली असती तर आपण शिंपले गोळा केले असते का?

---

खाडीपल्याड

@घड्याळ_बंद, हे लागलं. आमच्याकडे अजून बंड झालेलं नाही, पण पोळ्या मोजायला सांगितल्यावर परवा ती "भरपूर" असं उत्तर देऊन निघून गेली.

@फळा_खडू ताई, तो नऊ मलाही आजच कळला. वय ३६. खरंच.

---

आगरातला

मी बाहत्तरीचा. नातवंडांना शिकवण्यापेक्षा त्यांच्यादेखत कामं करतो, एवढाच माझा अनुभव.

आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनी पाडेली, म्हणजे माडावरून नारळ पाडणारा, येतो. नारळ खाली पडले की मोजणी. तो दोन हातांत दोन-दोन धरून ढिगावर टाकतो. एका फेकीला चार. मोजताना एक म्हणायचं नाही, पहिल्याला "लाभ". लाभ, दोन, तीन, चार... पंचवीस फेकी झाल्या की शंभर, आणि शंभर झाले की एक नारळ बाजूला, ओट्याच्या कडेला. पुन्हा लाभ.

मागच्या खेपेला नातू (इयत्ता तिसरी) ओट्यावर बसला होता. शेवटी कडेला सात नारळ, वर अकरा फेकी आणि तीन सुटे. मी म्हटलं, सातशे सत्तेचाळीस. पाडेलीही तेच म्हणाला. हा म्हणतो, "आजोबा, ओट्यावरचे सात मोजले का?"

आता ओट्यावरचा नारळ शंभरातला की शंभरावरचा? मी म्हणालो शंभरातला, पाडेली म्हणाला शंभर भरल्यावर ढिगाबाहेरचा उचलतो, म्हणजे वरचा. इतकी वर्षं तो येतोय, मी मोजून घेतोय, आणि आम्हा दोघांच्या मनात दोन वेगळे हिशोब होते! शेवटी एक ढीग पुन्हा मोजला. शंभर पूर्ण होते, ओट्यावरचा वेगळा. सातशे चोपन्न. नातवाला सात नारळ बक्षीस दिले, ते त्याने आजीला विकले.

तो ओट्यावरचा नारळ म्हणजे तुमच्या शाळेतला शतकाचा आकडा. दिसायला एक, किंमत शंभर. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. नातवाच्या शंकेमुळे त्या दिवशी लक्षात आलं.

दुसरं, पाऊणकी. आम्हाला पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी सगळं होतं. औट म्हणजे साडेतीन. पाठ नाही झालं की छडी. त्या छडीचं मी कौतुक करणार नाही, पण पाऊणकी अजून रोज वापरतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा पहिल्यापासून. दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही भरत्या त्याच सुमाराला, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते, म्हणून पाऊणकी. घड्याळाने मोजलंत तर पन्नास मिनिटांच्या आसपास निघेल, पण होडी काढायला एवढं पुरतं.

मापांचंही असंच. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. सगळं दुपटीचं. पोराला पायली आणि चिपटं द्या आणि तांदळाच्या कणगीपाशी सोडा. पायलीत सोळा चिपटी मावतात हे तो अर्ध्या तासात सांगेल. तांदूळ सांडेल, तो कोंबड्या खातील.

---

तळकोकणी

काका, पायली सगळीकडे सारखी नाय हां. आमच्या आजयेची पायली आणि शेजारच्या गावची पायली, यावरून भांडणा झालेली मी बघितलंय. देताना लहान, घेताना मोठी.

---

आगरातला

बरोबर. म्हणून तर शिक्का मारलेलं माप लागतं. हाही गणिताचाच धडा.

---

दोन_डझन

लाभ, दोन, तीन असेल तर "लाभाचा पाढा" पण असणार. लाभ लाभ लाभ.

---

हाफ_तिकीट

एसटी राहिली की! आमची रत्नागिरी ते आजोळ वारी असते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्या आधीपासून ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं आहेच. आमची कन्या सहा वर्षांची. पहिल्यांदा तिघांचं तिकीट काढलं तेव्हा कंडक्टरने यंत्रातून कागद काढला आणि म्हणाले, दोनचे पैसे. ही विचारात पडली. आपण तीन माणसं, पैसे दोनचे. घाट संपेपर्यंत गप्प होती. मग एकदम, "आई आणि मी मिळून एक बाबा!"

अपूर्णांकाची बेरीज यापेक्षा बरी मला जमली नसती. पुढे गाडी घसरली, कारण आजोबा ७८ चे, त्यांना तिकीटच नाही. "म्हणजे आजोबा शून्य?" आजोबा पुढच्या थांब्यापर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

आता तिचा स्वतःचा खेळ झालाय. गाडीत चढणारं कुटुंब बघते आणि "अडीच", "दीड", "तीन" असं पुटपुटते. मी विचारत नाही. घड्याळ_बंद म्हणतात ते खरं, विचारलं की बंद पडतं.

थोरला चौथीत आहे, त्याला रेल्वे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे हे त्याला कुठून तरी कळलं. आत शिरल्यापासून उजेड दिसेपर्यंत माझं घड्याळ घेऊन बसला. सहा मिनिटं आणि काही सेकंद. मग मला म्हणे, एका मिनिटाला एकाहून थोडं जास्त किलोमीटर, म्हणजे तासाला साठाहून थोडं जास्त. परतीच्या गाडीला सात मिनिटं लागली तर त्याला फार राग आला.

---

चुलीपाशी

एवढे दिवस वाचतेय, आज पहिल्यांदा लिहिते.

वरचा बाजाराचा किस्सा वाचला तेव्हा तुम्ही सगळे गाळ्याच्या अलीकडे उभे होतात. मी पलीकडे बसायचे. माझी आई मालवणात मासे विकायची. मी आठव्या वर्षापासून सकाळी तिच्याशेजारी पाटावर.

सत्तावीस बांगडे असले की पाचाचा वाटा, पाच वाटे, दोन उरले. ते दोन कुठल्या गिऱ्हाइकाला वर टाकायचे हे आई तोंड बघून ठरवायची. कधी चाराचा वाटा लावायची, मग सहा वाटे आणि तीन उरायचे, पण वाट्याचा दर कमी. दोन्हींत कशात जास्त सुटतात हे ती टोपली रिकामी करता करता सांगायची. उधारी तोंडपाठ. मी एकदा वहीत लिहू लागले तर म्हणाली, "कागद भिजता, टकली भिजना नाय."

मी सातवीत गणितात नापास झाले. प्रकरण कुठलं, तर नफा-तोटा. शेकडा नफा काढा, मग एक सूत्र, खरेदी किंमत खाली की विक्री किंमत खाली. माझ्या डोक्यात लिलावात अठराशेला घेतलेली टोपली असायची, बर्फाचे पैसे, रिक्षाचे पैसे, दुपारनंतर पडलेला भाव. फळ्यावर एक व्यापारी होता, तो एक खुर्ची घ्यायचा आणि एक खुर्ची विकायचा. त्याला बर्फ लागत नव्हता. मला वाटायचं हे काहीतरी वेगळंच आहे, मोठ्या माणसांचं. तुमच्या लेकीचं वाक्य मी तेव्हा म्हणू शकले असते, शब्द सुचले नाहीत एवढंच.

बाईंनी एकदाही विचारलं नाही की तू बाजारात कसं करतेस. त्यांना माहीत होतं मी कुठे बसते ते. वासावरून वर्गात सगळ्यांनाच माहीत होतं.

आता माझी खानावळ आहे. मुलगी पाचवीत. तिला मी रोज काही विचारत नाही. महिनाअखेरीला हिशोबाला बसते तेव्हा ती समोर बसते. मी तोंडी बोलते, ती वहीत लिहिते. कुठे उभं मांडायचं, कुठे आडवं, ते तिचं ती बघते. माझं उत्तर आधी येतं, तिचं मागून. जुळलं नाही की आम्ही दोघी भांडतो. गेल्या महिन्यात तिचं बरोबर निघालं, मी गॅसचा एक सिलिंडर धरलाच नव्हता.

---

फळा_खडू

चुलीपाशी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या वर्गात बंदरावरच्या तीन मुली आहेत. त्यांना मी कधी विचारलेलं आठवत नाही. जूनमध्ये विचारेन.

---

तिसरी_मिती

यावर अभ्यास झालाय आणि त्यात चक्क नारळ आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले आणि मोठी खरेदी केल्यासारखे हिशोब विचारले. ९ ते १५ वयाची मुलं. हे १९८५ साली छापून आलं. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर. नंतर त्याच मुलांना तसेच हिशोब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तर ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड कागदावर दिली तर ३७ टक्के.

एका १२ वर्षांच्या मुलाला विचारलं, एक नारळ ३५ ला, तर दहाचे किती? त्याने दहाने गुणून शून्य चढवलं नाही. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते, कारण गिऱ्हाइकं तीनच घेतात. मग आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. वर एक, ३५०. हे "पाच दिले की एकशेसत्तर"च्याच घरातलं आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात आपल्याकडचाच अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकारी यांचा, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा. तिथेही हेच, बाजारातले गुंतागुंतीचे व्यवहार फटाफट आणि शाळेसारखं साधं उदाहरण दिलं की अडलं. पण दुसरी बाजू मला जास्त बोलकी वाटली. फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब दिला तर ती अडली. म्हणजे पूल दोन्हीकडून तुटलेला आहे. आपण धाग्यात एकाच काठावरून ओरडतोय.

---

घड्याळ_बंद

म्हणजे माझा मुलगा बाजारात येत नाही तेही वाईट, आणि आला तरी उपयोग नाही. छान.

---

तिसरी_मिती

नाही हो, येऊ द्या त्याला. फक्त प्रश्न बदला. "किती झाले" ऐवजी कधीतरी "तू कसं काढलंस" विचारा, आणि तेही उत्तर आल्यावर. पहिल्यात परीक्षा वाटते, दुसऱ्यात तो मास्तर होतो.

---

एकोणपन्नास

थोडं अवांतर. कागदावरच्या गोंधळात आपल्या आकड्यांच्या नावांचाही हात आहे. "पंचवीस" ऐकलं की पोर आधी पाच लिहितं, ५२. आमच्याकडे वर्षभर हे चाललं. तोंडाने आधी एकक, लिहिताना आधी दशक. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात "वीस पाच" अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, कबूल करतो. मुलगी दुसरीत गेली आणि माझी बोलती बंद झाली. घरी आम्ही दोन्ही बोलतो. ती लिहिताना "वीस पाच" पुटपुटते, दुकानात "पंचवीस" म्हणते. कोणाची मराठी बुडालेली नाही.

उलट एकोणची नावं गमतीची. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकदा हे सांगितल्यावर तिने सगळी धुंडाळली, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद... आणि नव्व्याण्णवला अडकली. "बाबा, एकोणशंभर का नाही?" माझं सदस्यनाम बघून मला विचारू नका, मलाही माहीत नाही.

---

तळकोकणी

एकोणशंभर! ह्या मी आजपासून वापरतलंय.

---

खाडीपल्याड

बारा दिवसांनी येतेय, माफ करा. आंब्याची घाई होती.

आधी बँक. पहिले तीन दिवस वही नाही, फळा_खडू ताईंनी सांगितल्याप्रमाणे. पहिल्याच दिवशी ती शंभरची नोट हातात धरून बसली आणि म्हणाली, "सुटे नाहीत, उद्या देते." बाजाराचे संस्कार. मग मोडले. चौथ्या दिवशी मी शेजारी वही ठेवली आणि ती जे करत होती तेच मी लिहीत गेले. शंभर मोडला, मी दोनावर काट मारून एक लिहिला. दहाची नोट मोडली, तेव्हा तिनेच माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि नऊ लिहिला. मग वहीकडे बघत राहिली. "म्हणजे हे गणितवाले सुट्टेच करत असतात?"

उत्तर ३५ आलं. पण परवा ३०४ − १२७ ला पुन्हा घोळ झाला, मधल्या शून्याने दगा दिला. चालायचंच. नोटा काढल्या की सुटतं, नोटांशिवाय अजून नाही.

आता काकांची पाऊणकी. हे मी शिकवायला घेतलंच नव्हतं. मी मोठ्याने वाचत होते, तिने ऐकलं आणि कॅलेंडर काढून आणलं. आमचं घर दाभोळच्या खाडीत बरंच आत आहे, तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, धक्क्याला लागून. त्या दिवशी पंचमी होती. पाच पाऊण किती? पाच चतकोर घेतले... नाही, तसं नाही. तिने पाच वेळा घड्याळाचा काटा पाऊण-पाऊण तास फिरवला (भिंतीवरचं घड्याळ उतरवून, सेल काढून). पावणेचार. साडेतीनला आम्ही धक्क्यावर. पावणेचारला पाणी चढतच होतं. चारलाही. तरीवाल्या काकांनी विचारलं काय बघताय, ही म्हणाली, "भरतीला उशीर झालाय." सव्वाचारच्या पुढे पाणी थबकलं, पायरीवरच्या तिच्या खडूच्या खुणेला लागून.

मला वाटलं हिरमुसेल. दुसऱ्या दिवशी षष्ठी, साडेचार. पुन्हा पाऊण तासाच्या आसपास उशीर. मग सप्तमी. तरीवाल्या काकांनीच सांगितलं, आकडा समुद्रावरचा आहे, पाणी खाडीत आतवर यायला वेळ घेतं.

आता कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलने दोन आकडे असतात, वरचा "आजोबांचा" आणि खालचा "आपला". खालचा कसा काढते विचारलं, तर म्हणाली, "आजोबांचा अधिक अर्धा तास अधिक थोडं." ते "थोडं" किती ते अजून ठरलेलं नाही. त्यासाठी माझ्या फोनमधला गजर लावून रोज धक्क्यावर जाणं चालू आहे.

---

आगरातला

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, तेव्हा वेळ नीट जुळत नाही. अमावास्येच्या उधाणाला पुन्हा बघायला सांगा. आणि "आजोबांचा" आकडा म्हणतेय ना, मग एकदा आणा तिला इकडे. ओट्यावरचे नारळ मोजून घेईन.

---

खाडीपल्याड

आणते, काका. किती नारळ बाजूला ठेवणार ते आधी ठरवून घ्या म्हणतेय. ती विकणार कोणाला, तेही विचारलंय.